डोईमागे चार शिलिंग

1851 साली लंडनमध्ये दोन टोलेजंग वास्तू खुल्या झाल्या. पहिली हाइड पार्कातला काचेचा महाल. मे महिन्यात तिथे जगभरच्या यंत्रांचं आणि मालाचं महाप्रदर्शन भरलं आणि सोनेरी पिंजऱ्यात मांडलेला आपला कोहिनूर बघायला लोकांची झुंबड उडाली. दुसरी वास्तू 17 जुलैला उघडली, शहराच्या उत्तरेला, फ्रायर्न बार्नेटच्या शिवारात. कोल्नी हॅचचं वेड्यांचं इस्पितळ. महाप्रदर्शनामागचा उत्साह राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांचा होता. इस्पितळाच्या पायाचा दगडही त्यांनीच 1849 च्या मे महिन्यात बसवला होता. प्रदर्शनाला आलेल्या पाहुण्यांनी हेही बघून जावं म्हणून माहितीपुस्तिका छापली गेली. आज हे विचित्र वाटेल, पण तेव्हाच्या इंग्लंडला दोन्ही गोष्टींचा सारखाच अभिमान होता. आम्ही वाफेचं इंजिन बनवतो आणि आम्ही आमच्या वेड्यांना साखळदंड घालत नाही.

इमारत होतीही बघण्यासारखी. वास्तुरचनाकार सॅम्युअल डॉक्स यांनी ती इटालियन धाटणीची काढली: मधोमध घुमट, दोन्ही अंगांना मनोरे, पुढे हिरवळ. दर्शनी बाजू 1,884 फूट, म्हणजे अर्ध्या किलोमीटरहून जास्त. कंत्राटदार जॉर्ज मायर्स हे त्या काळातले नामांकित चर्च-बांधणारे. विटा लागल्या एक कोटी, आणि खर्च गेला तीन लाख पौंडांच्या घरात. आतले बोळ एकाला एक जोडले तर सहा मैलांच्या वर भरायचे. सगळे वॉर्ड नुसते पायी फिरून बघायचे म्हटलं तर पाच तास पुरत नसत.

वॉर्ड मात्र लांबट, अरुंद आणि कोंदट होते. पैसा कुठे गेला हे बाहेरून बघणाऱ्याला कळत होतं, आत राहणाऱ्याला कळत नव्हतं. 1877 साली मॉर्टिमर ग्रॅनव्हिल या डॉक्टरनं लंडनच्या आसपासच्या अशा इस्पितळांची पाहणी करून अहवाल लिहिला, त्यात कोल्नी हॅच ही एक प्रचंड चूक आहे असं स्वच्छ म्हणून टाकलं. चूक कसली होती, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1796 मध्ये यॉर्क शहरात विल्यम ट्यूक या क्वेकर पंथाच्या व्यापाऱ्यानं वेड लागलेल्यांसाठी एक घर काढलं. तीसेक माणसांची सोय. बेड्या नाहीत, चाबूक नाही. बाग, काम, चहापान, आणि माणसाशी माणसासारखं बोलणं. माणसं सुधारत होती, निदान शांत राहत होती. ही गोष्ट युरोपभर गाजली. पुढे 1839 मध्ये लंडनच्या पश्चिमेला हॅनवेलच्या इस्पितळात डॉ. जॉन कॉनोली यांनी हातपाय बांधणं सरसकट बंद केलं. तिथे तर शेकड्यांनी रुग्ण होते. यॉर्कात जमलं ते मोठ्या संख्येतही जमतं असा कौल त्यातून निघाला. 1845 मध्ये कायदाच झाला: प्रत्येक कौंटीनं आपल्या गरीब वेड्यांसाठी इस्पितळ बांधलंच पाहिजे. मिडलसेक्स कौंटीचं हॅनवेल तोवर ओसंडून चाललं होतं, म्हणून दुसरं हवं होतं. त्याला सल्ला कॉनोलींचाच घेतला गेला. असं इस्पितळ साधारण चारशे रुग्णांच्या पुढे जाऊ देऊ नये हे कॉनोलींचं मत होतं. कोल्नी हॅच बांधलं गेलं ते साडेबाराशेंसाठी. दहा वर्षांत वाढवून ते दोन हजारांचं केलं. पुढे एक वेळ अशी आली की तिथे साडेतीन हजार माणसं राहत होती.

तीस, चारशे, साडेबाराशे, साडेतीन हजार. या इस्पितळावर बरंच लिहिलं गेलं आहे, क्रौर्याच्या कहाण्याही आहेत, पण माझ्या मते त्याची खरी गोष्ट या आकड्यांत आणि त्यांच्या मागच्या हिशेबात आहे. कोल्नी हॅचच्या अधिकृत नावातच ‘पॉपर’ हा शब्द होता. निष्कांचन, सरकारी खर्चावर जगणारा. पैसेवाल्यांचे वेडे खासगी घरांत जात. इथे येई तो गरीब, आणि त्याच्या खर्चाचं बिल जाई त्याच्या मूळ पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक वस्तीच्या, गरीब-निधीला, आठवड्याच्या हिशेबानं, डोईमागे इतके शिलिंग. ज्यांना कुणीच नाही अशा म्हाताऱ्या, अपंग, मंदबुद्धी माणसांना तेव्हा वर्कहाउसात ठेवत. वर्कहाउस म्हणजे जिथे जाणं लाजिरवाणं वाटावं अशाच बेतानं चालवलेला सरकारी गरीबखाना. तिथलं ठेवणं इस्पितळापेक्षा स्वस्त पडे, म्हणून पॅरिशवाले शक्यतो वेड्यालाही तिथेच ठेवून घेत आणि अगदी आवरेनासा झाला की मगच इस्पितळात धाडत. तोवर आजार जुना होऊन बसलेला असे.

मग 1874 मध्ये सरकारनं दयाबुद्धीनं एक अनुदान सुरू केलं. इस्पितळात असलेल्या प्रत्येक गरीब वेड्यामागे पॅरिशला आठवड्याला चार शिलिंग. हेतू हा की केवळ पैशापायी कुणाचे उपचार अडू नयेत. झालं उलटंच. चार शिलिंग वजा जाता इस्पितळ वर्कहाउसच्या जवळपास पडू लागलं, आणि पॅरिशांनी आपापल्या गरीबखान्यांतली हट्टी, कटकटी, अंथरूण ओलं करणारी म्हातारी माणसं दाखला जोडून इस्पितळांकडे रवाना केली. ती बरी होऊन घरी जाणार नव्हती, कारण त्यांना बरं होण्यासारखं काही नव्हतं आणि जायला घरही नव्हतं. खाट अडली ती मरेपर्यंत अडली. बरे होण्याजोगे नवे रुग्ण त्यांच्या मागे रांगेत. इंग्लंडात वेड वाढतंय का, असा गंभीर वाद त्या काळच्या वैद्यकीय मासिकांत चाले. वेड वाढलं असेल नसेल. खाटा भरायचं कारण मात्र हिशेबाच्या वहीत सापडत होतं.

आतलं जग एका गावासारखं होतं, आणि गावाचं बरंच काम रुग्णच करत. पाण्याच्या खोल विहिरी स्वतःच्या, दिव्यांसाठी गॅसचा कारखाना स्वतःचा, शेती, बियर गाळायची भट्टी, शिवणखाना, दफनभूमीसुद्धा. पुरुष शेतावर आणि कारागिरीला, बायका धोबीखान्यात आणि सुईदोऱ्याला. काम हा उपचार मानला होता आणि अनेकांना त्याचा उपयोग झाला असणार. रिकाम्या वेळेइतकं माणसाला काही खात नाही. पण हजार-दोन हजार माणसांच्या चादरी रोज उठून धुणाऱ्या बाईला आपण उपचार घेतोय असं वाटत होतं की नाही, हे तिला कुणी विचारल्याचं दिसत नाही. शिवाय चांगली धोबीण, चांगला सुतार बरा होऊन निघून जाणं प्रशासनाला परवडणारंही नव्हतं.

डॉक्टर सुरुवातीला दोनच प्रमुख: पुरुषांच्या बाजूला विल्यम हूड, बायकांच्या बाजूला जेम्स डेव्ही. हूड दोन वर्षांत बेडलमला, म्हणजे लंडनच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळात, निघून गेले. डेव्ही त्याआधी सिलोनात वेड्यांच्या इस्पितळाचं काम बघून आलेले. साम्राज्याच्या एका टोकाचा अनुभव दुसऱ्या टोकाला असा कामी लागे. पुढे एडगर शेपर्ड आले. त्यांचा टर्किश बाथवर, म्हणजे गरम हवेच्या घामाळ स्नानावर, मोठा विश्वास. त्यांनी तसं स्नानगृह इस्पितळात बांधून घेतलं. हसण्यासारखं काही नाही. औषध नव्हतंच. अफूचे अर्क होते, क्लोरल होतं, ते गुंगी आणत. येणाऱ्या पुरुषांत कितीतरी जण उपदंशानं मेंदू पोखरलेले असत. आधी मोठमोठ्या बढाया, मग अडखळती जीभ, मग लटपटती चाल आणि दोन-तीन वर्षांत मृत्यू. या रोगावर पहिला खरा इलाज निघायला 1917 साल उजाडलं. व्हिएन्नाच्या वॅग्नर-याउरेग यांनी अशा रुग्णांना मुद्दाम मलेरिया दिला आणि तापानं काहींचा आजार थोपवला. 1927 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

1889 नंतर इस्पितळ लंडन काउंटी कौन्सिलकडे आलं. त्याच सुमारास लंडनच्या ईस्ट एंडमध्ये रशिया-पोलंडमधून परागंदा झालेले ज्यू हजारोंनी उतरत होते. शिंपीकाम, टोपीकाम, एका खोलीत दहा जण. त्यांच्यातले जे कोसळले ते बहुतेक कोल्नी हॅचला आले, इतके की तिथे कोशर, म्हणजे त्यांच्या धर्मनियमांप्रमाणेच्या, स्वयंपाकाची वेगळी सोय करावी लागली आणि यिडिश ही त्यांची भाषा जाणणारा दुभाष्या ठेवावा लागला. अंगावरच्या जखमा डॉक्टरला भाषेवाचून कळतात. पण माणसाला भ्रम झालाय की तो मायदेशी खरंच घडलेली कत्तल सांगतोय, हे भाषेवाचून कसं ठरवायचं?

याच ओघात 1891 च्या फेब्रुवारीत आरन कॉस्मिन्स्की नावाचा एक पोलिश ज्यू न्हावी इथे दाखल झाला. दुसऱ्याच्या हातचं खायचा नाही, म्हणून गटारातला पाव उचलून खायचा, अशी त्याच्याबद्दलची नोंद आहे. पोलिसांच्या कागदांत जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याच्या प्रकरणातला संशयित म्हणून ‘कॉस्मिन्स्की’ हे नाव आल्यामुळे आज जगभरचे रिपर-वेडे कोल्नी हॅचमधला हा एकच रुग्ण ओळखतात. पुरावा असा काही नाही. तीन वर्षांनी त्याला लेव्हस्डनच्या इस्पितळात हलवलं आणि 1919 मध्ये तो तिथेच वारला. तेवढ्या वर्षांत त्यानं कुणाला गंभीर इजा केल्याचं कुठे आलेलं नाही.

गर्दी हटेना तेव्हा 1896 मध्ये कौन्सिलनं एक तात्पुरता उपाय काढला. मुख्य इमारतीला जोडून बायकांसाठी लाकडी वॉर्डांची रांग. बाहेरून पन्हळी पत्रे, आतून पातळ फळ्यांचं अस्तर, मधे पोकळी. तीनशेवर बायकांची सोय झाली. जुनाट आजाराच्या, अशक्त, ज्यांना हलवायचं तर हात धरून न्यावं लागे अशा. ज्यू बायकांचा विभागही याच भागात होता. वेड्यांच्या इस्पितळांवर देखरेख करणाऱ्या सरकारी आयुक्तांना ही बांधणी पसंत नव्हती. पण ती तात्पुरती होती, आणि तात्पुरत्याला कोण किती विरोध करणार? सात वर्षं ती तात्पुरतीच राहिली.

27 जानेवारी 1903 च्या पहाटे तिथे आग लागली. जोराचा वारा होता. फळ्यांमागच्या पोकळीतून आग धुराड्यातून चढावी तशी एका वॉर्डातून दुसऱ्यात गेली. रात्रपाळीच्या नर्सेसनी बायकांना उठवून मुख्य इमारतीकडे ढकलत न्यायचा प्रयत्न केला. अर्ध्या झोपेतल्या, धुरानं बावचळलेल्या, काही जणींना तर बाहेरची थंडी आणि अंधार आगीपेक्षा भयंकर वाटत होता. ज्या बाहेर काढल्या त्यातल्याही काही आपल्या खाटेकडे परत धावल्या. 52 बायका गेल्या. कितीतरी प्रेतांची ओळखच पटली नाही. सकाळी बातमी फुटली तेव्हा नातेवाइकांनी फाटकापाशी गर्दी केली.

पुढे चौकशी झाली, लाकडी बांधणीवर ठपका आला, आणि त्या जागी काही वर्षांनी पक्क्या विटांचे सुटे सुटे व्हिला बांधले गेले. नशीब असं की 1941 च्या जर्मन हवाई हल्ल्यांत यातलेच पाच व्हिला पडले. 36 रुग्ण आणि चार नर्सेस मारल्या गेल्या. त्या युद्धात इस्पितळाचे बरेच वॉर्ड जखमींसाठी रिकामे करून घेतले होते आणि उरलेल्या वॉर्डांत मनोरुग्णांच्या खाटा एकमेकींना चिकटवल्या होत्या.

त्याच्या कितीतरी आधीच ‘कोल्नी हॅच’ हे नाव लंडनकरांच्या तोंडी बसलं होतं. आपल्याकडे ठाण्याला किंवा येरवड्याला पाठवा म्हणतात, तसंच. आसपास घरं बांधून राहायला आलेल्या मध्यमवर्गीयांना हे भारी पडू लागलं. कोल्नी हॅचला राहतो म्हटलं की समोरचा हसे. रेल्वे स्टेशनच्या नावातून ते शब्द गेले. आज त्या स्टेशनचं नाव न्यू साउथगेट आहे. 1930 च्या दशकात इस्पितळाचंही नाव बदलून फ्रायर्न झालं. त्या आधी 1930 च्या कायद्यानं ‘असायलम’च्या जागी ‘मेंटल हॉस्पिटल’ आणलं होतं आणि पहिल्यांदाच माणसाला दाखल्याशिवाय, स्वतःच्या मर्जीनं भरती व्हायची मुभा दिली होती. ही मुभा मोठी गोष्ट होती. तोवर आत यायचं म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या सहीनं यायचं, आणि बाहेर पडायचं ते दुसऱ्यांची खात्री पटली तर.

दुसऱ्यांची खात्री पटणं किती अवघड, ते डॉरोथी लॉरेन्सच्या बाबतीत दिसतं. 1915 मध्ये ही इंग्लिश तरुणी सायकल घेऊन फ्रान्सला गेली. तिला वार्ताहर व्हायचं होतं आणि कुठलंही वर्तमानपत्र बाईला आघाडीवर पाठवायला तयार नव्हतं. तिनं केस कापले, छाती आवळून बांधली, सैनिकी गणवेश मिळवला आणि डेनिस स्मिथ या नावानं सोम नदीच्या आघाडीवर सुरुंग खोदणाऱ्यांमध्ये दहाएक दिवस काढले. मग तब्येत ढासळली तेव्हा स्वतःच जाऊन सगळं उघड केलं. सैन्यानं हेर समजून उलटतपासणी केली आणि तोंड बंद ठेवायची अट घातली. 1919 मध्ये तिचं पुस्तक आलं, त्यालाही कात्री लागली होती; खपलं नाही. 1925 मध्ये ती हलाखीत सापडली. लहानपणी आपल्या चर्चमधल्या पालकानं आपल्यावर बलात्कार केला असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. तिच्यावर विश्वास ठेवला गेला नाही, वेडी ठरली. आधी हॅनवेल, मग कोल्नी हॅच. 1964 मध्ये ती वारली तेव्हा तिच्या इस्पितळाचं नाव फ्रायर्न झालं होतं आणि आत जाऊन तिला 39 वर्षं झाली होती. तिच्या म्हणण्यात तथ्य असेल, असा विचार इतिहासकारांनी केला तो ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी. तिला निनावी कबरीत पुरलं.

1950 च्या दशकाच्या मध्याला इंग्लंड आणि वेल्सच्या मनोरुग्णालयांत दीड लाखाच्या आसपास माणसं होती. तो कळस. क्लोरप्रोमाझीन हे नवं औषध तेव्हाच आलं. त्यानं आवाज बंद केले नाहीत, पण आवाजांची धार कमी केली, आणि रुग्ण घरी राहू शकेल अशी शक्यता तयार झाली. 9 मार्च 1961 ला आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी मानसिक आरोग्य संघटनेच्या परिषदेत भाषण केलं. पंधरा वर्षांत निम्म्या खाटा बंद करायच्या, हे त्याचं सार. पण लक्षात राहिलं ते त्यातलं वर्णन: खेड्यापाड्यांच्या डोक्यावर उभ्या, पाण्याच्या टाकीचा मनोरा मिरवणाऱ्या या गढ्या पाडल्याच पाहिजेत, असं ते म्हणाले. श्रोत्यांत याच गढ्या चालवणारे डॉक्टर बसले होते.

याच पॉवेल यांच्या कारकिर्दीत ब्रिटिश इस्पितळांसाठी भारत-पाकिस्तानातून डॉक्टर मोठ्या संख्येनं आले. आणि याच पॉवेल यांनी 1968 मध्ये स्थलांतरितांविरुद्ध एक कुप्रसिद्ध भाषण ठोकलं. आलेल्या डॉक्टरांना हृदयविकार किंवा शस्त्रक्रियेच्या शाखांत सहसा जागा मिळत नसे. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या वृद्धोपचार आणि मानसोपचार या शाखा त्यांच्या वाट्याला आल्या. मुंबई-पुण्याहून गेलेल्या मराठी डॉक्टरांच्या त्या पिढीतही असे बरेच निघतील, ज्यांची उमेदीची वर्षं अशाच एखाद्या गढीच्या बोळांत गेली. वॉर्डांतल्या नर्सेस आयर्लंडच्या, कॅरिबियन बेटांच्या, मॉरिशसच्या. रुग्ण गरीब आणि सांभाळणारेही बाहेरचे. इस्पितळाबाहेरच्या लंडनला आत डोकावायची गरज पडत नव्हती.

1965 च्या जानेवारीत एक बाई डोकावली. बार्बरा रॉब ही मानसोपचार करणारी, वजनदार ओळखींची आणि चिवट बाई. ओळखीची एक वृद्धा फ्रायर्नला होती, तिला भेटायला गेली. वॉर्डात ओळीनं म्हाताऱ्या बसलेल्या, सगळ्यांचे केस एकाच मापात कापलेले, अंगात इस्पितळाचे सारखेच कपडे. रॉबच्या लक्षात आलं की चष्मे कुणाच्याच डोळ्यांवर नाहीत. कवळ्या नाहीत. कानाची यंत्रं नाहीत. हरवतात, तुटतात, अदलाबदल होते, म्हणून दाखल होतानाच काढून घेत असत. म्हणजे जिला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि चावता येत नाही अशी बाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसली की वहीत लिहायचं, रुग्णाला आजूबाजूचं भान नाही. मला या सगळ्या इतिहासात आगीपेक्षाही हे अधिक अस्वस्थ करतं. इथे कुणी दुष्ट नाही. कवळ्या हरवू नयेत एवढीच काळजी आहे.

रॉबनं रोजनिशी ठेवली, संघटना काढली, ‘टाइम्स’मध्ये मातब्बरांच्या सह्यांचं पत्र छापून आणलं. त्यावर देशभरातून शेकडो पत्रं आली. आमच्याकडेही हेच चालतं असं सांगणारी, त्यात नर्सेसचीही. 1967 मध्ये तिनं ते सगळं पुस्तकात मांडलं. नाव घेतलं शेक्सपिअरच्या माणसाच्या सात अवस्थांच्या भाषणाच्या शेवटातून: ‘सान्स एव्हरीथिंग’, म्हणजे सगळ्यावाचून. खळबळ उडाली. सरकारनं चौकशी समित्या नेमल्या. 1968 मध्ये त्यांनी बहुतेक आरोप निराधार ठरवले आणि आरोग्यमंत्र्यांनी संसदेत हात झटकले. पण पुढच्याच वर्षी कार्डिफच्या ईली इस्पितळाचा अहवाल आला. जेफ्री हाउ या बॅरिस्टरनं, जे पुढे परराष्ट्रमंत्री झाले, तो लिहिला होता. रॉब म्हणत होती तसलंच सगळं तिथे सापडलं. नवे मंत्री रिचर्ड क्रॉसमन यांनी तो न दडपता छापला आणि इस्पितळांची तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी केली.

त्याच सुमारास फ्रायर्नचंच जुनं दप्तर कुणीतरी वाचत होतं. रिचर्ड हंटर आणि आयडा मॅकअल्पाइन, मुलगा आणि आई, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ. राजा तिसरा जॉर्ज याचं वेड म्हणजे पॉर्फिरिया हा शारीरिक रोग होता, हा सिद्धांत यांचाच. आता तो फारसा मानला जात नाही. हंटर फ्रायर्नमध्ये डॉक्टर होते. 1974 मध्ये दोघांनी या एका इस्पितळाचं सव्वाशे वर्षांचं चरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘सायकियाट्री फॉर द पुअर’. मन-बिन काही नाही, हे मेंदूचे आजार आहेत आणि ते तपासलेच गेले नाहीत, ही हंटर यांची एकांगी पण ठाम भूमिका. मन नाकारणारा हा डॉक्टर गरिबी मात्र नेमकी बघत होता. आजार कुठलाही असो, इथे कोण येतं हे खिशावरून ठरलं आहे, ही गोष्ट त्यांच्या शीर्षकातच आहे.

1983 मध्ये फ्रायर्न आणि क्लेबरी ही दोन इस्पितळं बंद करायचं ठरलं. ज्युलियन लेफ यांच्या नेतृत्वाखाली संशोधकांच्या एका गटानं ठरवलं की बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाचा माग ठेवायचा. दोन्ही इस्पितळांतले मिळून सातशेच्या आसपास जुने रुग्ण. कितीतरी जणांची हयात आत गेलेली. हे लोक रस्त्यावर येतील, तुरुंगात जातील, अशी भीती सगळ्यांना होती. पाच वर्षांनी पाहिलं तर बेघर झालेले किंवा हरवलेले अगदी मोजके निघाले. गुन्हे वाढले नाहीत. लहान लहान सामायिक घरांत, मदतनिसांच्या सोबतीनं ती माणसं राहत होती, दुकानात जात होती, ओळखी करत होती. आजाराची लक्षणं फारशी बदलली नव्हती, पण परत इस्पितळात जायचं का असं विचारलं तर बहुतेक जण नाही म्हणाले. आणि खर्च? जवळपास तेवढाच. ज्यांनी हे पैसे वाचवायला केलं त्यांच्यासाठी ही वाईट बातमी होती. ज्यांना नीट करायचं होतं त्यांच्यासाठी चांगली.

तरीही लोकांच्या लक्षात राहिलं ते दुसरंच. डिसेंबर 1992 मध्ये उत्तर लंडनच्या फिन्सबरी पार्क स्टेशनवर एका मनोरुग्ण तरुणानं अनोळखी प्रवाशाला भोसकून मारलं. तो फ्रायर्नच्या जुन्या रुग्णांपैकी नव्हता. वॉर्डांतून आणि दवाखान्यांतून टोलवला गेलेला, कुणीच पूर्ण जबाबदारी न घेतलेला नव्या पिढीचा रुग्ण होता. पुढच्या चौकशीनं बोट ठेवलं ते याच टोलवाटोलवीवर. जुन्यांसाठी घरं मिळाली होती, कारण त्यांच्या नावानं इस्पितळाचे पैसे हलवले गेले. पुढच्या वर्षी जो आजारी पडणार त्याच्या नावानं काही हललं नव्हतं.

फ्रायर्न 1993 मध्ये बंद झालं. योगायोग असा की 1912 चा भारतीय वेड्यांचा कायदा, ज्याचं मूळ या इंग्लिश कायद्यांतच होतं, तो जाऊन नवा मानसिक आरोग्य कायदा आपल्याकडे प्रत्यक्ष लागू झाला तोही 1993 च्या एप्रिलमध्येच.

शेवटच्या काळातल्या रुग्णांत बार्बरा टेलर होत्या. कॅनडात जन्मलेल्या, लंडनमध्ये नाव कमावलेल्या इतिहासकार. 1980 च्या दशकाच्या शेवटी त्या कोसळल्या आणि फ्रायर्नला दाखल झाल्या, एकदा नाही, वारंवार. 2014 मध्ये ‘द लास्ट असायलम’ या पुस्तकात त्यांनी त्याचा हिशेब मांडला. जागा भीतिदायक होती, घाण होती, हे त्या लपवत नाहीत. पण जेव्हा स्वतःचा भार स्वतःला पेलत नव्हता तेव्हा कुणीतरी तो उचलला, तिथे मैत्रिणी भेटल्या, जावं असं एक ठिकाण होतं, हेही त्या तितक्याच स्पष्टपणे सांगतात. आज मी आजारी पडले असते तर मला ते मिळालं नसतं, हे त्यांचं म्हणणं. रॉब आणि टेलर या दोन बार्बरांचं म्हणणं एकमेकींच्या विरुद्ध वाटतं. मला तसं वाटत नाही. एकीला कवळी परत हवी होती, दुसरीला खाट.

आणि ती एक कोटी विटांची इमारत? दर्शनी बाजू वारसा म्हणून संरक्षित होती, त्यामुळे पाडता आली नाही. तिथे आलिशान फ्लॅट झाले, नाव प्रिन्सेस पार्क मॅनर. पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, दारावर पहारा. वन डायरेक्शन या गाणाऱ्या बँडची पोरं प्रसिद्धीच्या पहिल्या भरात तिथेच राहत होती, त्यामुळे फाटकापाशी पुन्हा एकदा गर्दी जमू लागली, या वेळी शाळकरी मुलींची. आवाराच्या एका भागात मोठमोठ्या दुकानांचं संकुल आहे. डॉक्स यांचा हिशेब अखेर बरोबर निघाला म्हणायचा: दर्शनी बाजूवर घातलेला पैसा दीडशे वर्षांनी वसूल झाला. हे परक्या देशाचं म्हणून सोडून द्यायचं कारण नाही. 1901 मध्ये उभ्या राहिलेल्या ठाण्याच्या मनोरुग्णालयाच्या जमिनीवर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवं रेल्वे स्टेशन व्हायचं आहे. गावाबाहेर म्हणून वेड्यांना दिलेली जागा गाव वाढलं की नेहमीच मध्यभागी येते.

इंग्लंडात आज तीव्र आजाराच्या रुग्णाला जवळ खाट मिळाली नाही तर त्याला लांबच्या गावी धाडतात, कधी दोनशे-तीनशे किलोमीटरवर, जिथे भेटायला कुणी येऊ शकत नाही. 2021 पर्यंत हा प्रकार बंद करू असं सरकारनं जाहीर केलं होतं. तो बंद झाला नाही. यातल्या बहुतेक खाटा खासगी इस्पितळांच्या असतात. त्यांना सरकारी आरोग्यसेवा पैसे मोजते, आणि दर आता आठवड्याचा नसून दिवसाचा असतो.